कंपायलर फुकट मिळतो. पण कोणती आवृत्ती घ्यावी?

गेल्या सत्रात एका शनिवारी संध्याकाळी आमचा धाकटा भाऊ आपल्या मुलीला घेऊन व्हाक्वाहून आमच्या घरी आला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, तरी पोर काही बोलेना. शेवटी भाऊच म्हणाला, “दादा, हिचा संगणक बिघडला आहे. नवा घ्यावा म्हणतो. तुमच्या ओळखीत कोणी दुकानदार आहे का?”

पोरगी मान खाली घालून म्हणाली, “काका, संगणक नाही बिघडला. मलाच हे जमत नाही. पुढच्या वर्षी मी अकाउंट्स घेते.”

हकीकत अशी होती. आमची पुतणी पहिल्या वर्षात संगणकाचा अभ्यासक्रम शिकते. ‘सी’ या भाषेत वीजबिलाचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहून आणा, असे काम वर्गाला दिले होते. तिने तो लिहिला, घरच्या संगणकावर दहादा चालवून पाहिला, कागदावर आकडेमोड करून ताळा घेतला आणि मग पाठवून दिला. विभागाच्या संगणकावर मात्र तो मुळी चाललाच नाही. सूचनापत्रकात स्पष्ट लिहिले होते की, विभागाच्या संगणकावर जो प्रोग्राम कंपाईल होणार नाही, त्याला शून्य. त्याप्रमाणे शून्य मिळाले. तीन रात्री जागून केलेल्या कामाला शून्य मिळाल्यावर पोरीने आपल्यालाच अक्कल नाही असे ठरवून टाकले, आणि बापाने ठरविले की यंत्रच खराब आहे.

आम्ही काही या विषयातले पंडित नव्हे. परंतु आयुष्याची वीसेक वर्षे एबेनच्या एका कचेरीत याच कामात गेली, त्यामुळे दुखणे कोठे असावे याचा थोडा अंदाज आला. दोष यंत्राचा नव्हता, आणि बहुतांशी पोरीचाही नव्हता. घरचा कंपायलर आणि विभागाचा कंपायलर एकाच नावाचे होते; पण त्यांच्या आवृत्त्यांत जवळजवळ दहा वर्षांचे अंतर होते. आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली आज हा विषय शिकत आहेत. इतर घरी हाच प्रसंग येऊ नये म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

कंपायलर म्हणजे काय?

ज्या वडीलधाऱ्या वाचकांचा या विषयाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. मुले जो प्रोग्राम लिहितात तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत असतो. यंत्राला ती भाषा कळत नाही. त्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. रूपांतर करता करता तो चुकाही दाखवितो. म्हणजे दुभाषा आणि मुद्रितशोधक अशी दोन्ही कामे एकटाच करतो.

एके काळी चांगला कंपायलर विकत घ्यावा लागे आणि त्याची किंमत सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर असे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाचा उपक्रम जाहीर केला. कोणालाही वापरता यावे, उघडून पाहता यावे, सुधारता यावे आणि दुसऱ्याला देता यावे असे सॉफ्टवेअर निर्माण करायचे, हा त्याचा हेतू. त्याच उपक्रमातून १९८७ साली जी.सी.सी. हा कंपायलर बाहेर पडला. आज तो जगभर वापरला जातो आणि त्याला एक पैसाही पडत नाही. त्याच्या साहाय्याने तयार केलेला आपला स्वतःचा प्रोग्राम मात्र आपण खुशाल विकू शकतो. त्याला आडकाठी नाही.

पण फुकट आणि मोकळ्या वस्तूची एक गंमत असते. दुकानात विकत घ्यायला गेलो तर दुकानदार सध्याची एकच आवृत्ती पुढे ठेवतो. येथे जुनी, नवी, मधली, सगळ्याच आवृत्त्या एकाच वेळी उपलब्ध असतात, आणि निवड आपणच करायची असते. आमच्या पुतणीने निवड केलीच नव्हती. थोरल्या चुलतभावाचा जुना संगणक तिला मिळाला. त्यावर ‘डेव्ह सी प्लस प्लस’ची २०१५ सालची ५.११ ही आवृत्ती होती, आणि तिच्या पोटात जी.सी.सी.ची ४.९.२ ही आवृत्ती. विभागाच्या संगणकावर होती १४.२.

एक चूक, तीन उत्तरे

आमच्या घरच्या संगणकावर जी.सी.सी.च्या एकाहून अधिक आवृत्त्या शेजारी शेजारी बसविलेल्या आहेत. पोरीला जवळ बसवून आम्ही तिचाच प्रोग्राम एकामागून एक आवृत्तीला दिला.

जुन्या ४.९.२ ने काही न बोलता तो स्वीकारला. बिल बरोबर आले. त्यानंतर १३ व्या आवृत्तीला दिला. तिनेही स्वीकारला, परंतु वर एक इशारा छापला: ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’, म्हणजे, बाईसाहेब, हे फंक्शन आपण आधी न सांगताच वापरले आहे. शेवटी १४ व्या आवृत्तीला दिला. तिने तेच वाक्य छापले, पण इशारा म्हणून नव्हे, चूक म्हणून. आणि काम तेथेच थांबविले.

चूक इतकीच होती की बिल काढणारे फंक्शन तिने मजकुराच्या शेवटी लिहिले होते आणि वर, मुख्य भागात, त्याची ओळख न देता त्याला हाक मारली होती. वर एक ओळ वाढविली, त्या फंक्शनचे नाव आणि ते कोणत्या प्रकारची संख्या घेते व देते ते सांगितले, आणि तोच प्रोग्राम तिन्ही आवृत्त्यांनी निमूटपणे स्वीकारला.

“एवढ्यासाठी शून्य?” पोरगी म्हणाली.

आता कोणी म्हणेल, जुना कंपायलर बरा. उगाच छळत नाही. आमचे मत याच्या उलट आहे. ओळख न देता फंक्शन वापरले, तर जुना कंपायलर आपल्या मनाने धरून चालतो की ते पूर्णांक परत देणार. पुतणीचे फंक्शन नशिबाने पूर्णांकच देत होते. तेच जर दुसऱ्या फाईलमध्ये असते आणि अपूर्णांक देणारे असते, तर जुन्या कंपायलरने तेही गुपचूप स्वीकारले असते, आणि बिलाच्या जागी भलताच आकडा आला असता. फंक्शन जर संगणकाच्या स्मृतीतला पत्ता परत देणारे असेल तर आणखी वाईट. हल्लीच्या ६४ बिटांच्या यंत्रात पत्त्याला ८ बाईट लागतात, पूर्णांकाला सहसा ४. अर्धा पत्ता कापला जातो आणि प्रोग्राम मध्येच कोसळतो. असली चूक हुडकण्यात आम्ही स्वतः नोकरीत आठवडे घालविले आहेत.

नियम एक, तपासणारा दुसरा

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. भाषेचे नियम ही एक गोष्ट, आणि कंपायलरची आवृत्ती ही दुसरी.

आपल्या मराठीचेच उदाहरण घ्या. आजोबांच्या जुन्या पत्रांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आंत’ असे अनुस्वार दिलेले आढळतात. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले, १९७२ साली त्यांत भर पडली, आणि असे कितीतरी अनुस्वार गेले. आता समजा छापखान्यात दोन मुद्रितशोधक आहेत. म्हाताऱ्याला फक्त जुने नियम ठाऊक. तरुणाला जुने-नवे दोन्ही ठाऊक. मात्र तुम्ही काही सांगितले नाही तर तो नवेच लावणार. जुने लावायचे असतील तर त्याला तसे सांगावे लागते.

‘सी’ भाषेचेही तसेच आहे. तिचे नियम १९८९-९०, १९९९, २०११ अशा टप्प्यांनी बदलत आले. आधी ओळख न देता फंक्शन वापरण्याची मुभा १९९९ च्या नियमांनीच काढून घेतली होती. परंतु जी.सी.सी. जुन्या लोकांच्या सोयीसाठी सवलत देत राहिला. पाचव्या आवृत्तीच्या आधीपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, काही न सांगितल्यास तो १९९० चेच नियम लावी आणि त्यामुळे गप्प बसे. पाचव्या आवृत्तीपासून २०११ चे नियम आले आणि इशारा सुरू झाला. २०२४ साली १४ वी आवृत्ती आली आणि इशाऱ्याची चूक झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या १५ व्या आवृत्तीने त्याही पुढे जाऊन ‘सी २३’ हे नवे नियम आपणहून लावायला सुरुवात केली. पूर्वी ‘बूल’ हे नाव विद्यार्थी आपल्या मनाने तयार करीत. आता ते भाषेचेच शब्द झाल्यामुळे तसे जुने प्रोग्राम १५ व्या आवृत्तीत अडतात.

म्हणून शिक्षकांना नुसते “कोणता कंपायलर?” एवढेच विचारून भागत नाही. “कोणती आवृत्ती, आणि कोणत्या वर्षाचे नियम?” असे विचारले पाहिजे. नियम सांगण्यासाठी आज्ञेत ‘एसटीडी’ हा पर्याय असतो. तो दिला की नवी आवृत्तीही सांगितलेल्या वर्षाप्रमाणे वागते. जुनी आवृत्ती मात्र जे नियम तिच्यानंतर झाले ते पाळू शकत नाही.

मोठा आकडा म्हणजे चांगला का?

आपल्या वडीलधाऱ्यांना उसाची ‘एम १३४/३२’ ही जात आठवत असेल. त्या नावातला शेवटचा आकडा तिच्या जन्मवर्षाचा, १९३२ चा. एके काळी बेटावर जिकडे तिकडे तिचेच मळे दिसत. पुढे दुसऱ्या जाती आल्या. पण नवा नंबर निघाला म्हणून कोणी डोळे मिटून सगळे शेत नांगरून टाकले नाही. जमीन कोणती, पाऊस किती, हे पाहूनच जात निवडली जाई. कंपायलरच्या बाबतीत ‘जमीन’ म्हणजे आपला प्रोग्राम शेवटी ज्या यंत्रावर चालायचा ते यंत्र.

लिनक्सच्या निरनिराळ्या वाटपांबरोबर निरनिराळी आवृत्ती येते. उबुंटू २२.०४ बरोबर ११ वी, उबुंटू २४.०४ बरोबर १३ वी, डेबियन १२ बरोबर १२ वी, डेबियन १३ बरोबर १४ वी. कचेऱ्यांतून याहूनही जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे चालू असतात आणि त्यात आळस असतोच असे नाही. चालू काम अर्ध्यावर असताना कंपायलर बदलणे म्हणजे अर्ध्या भिंतीनंतर विटांचे माप बदलण्यासारखे आहे.

नंबर वाचायचीही एक रीत आहे. २०१५ पासून दर वर्षी साधारण एप्रिल-मे महिन्यात नवी मुख्य आवृत्ती निघते आणि तिचा पहिला अवतार ‘.१’ असतो, जसे १४.१. पुढे १४.२, १४.३ निघतात; त्यांत नवी करामत नसते, सापडलेले दोष दुरुस्त केलेले असतात. ज्याला घाई नाही त्याने ‘.१’ सोडून पुढच्या दुरुस्तीची वाट पाहिलेली बरी.

नंबरावर भुलू नये याचा एक जुना दाखलाही आहे. २००० साली रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सबरोबर ‘२.९६’ असा नंबर लावलेला जी.सी.सी. दिला. लोकांना वाटले, २.९५ च्या पुढची ही आवृत्ती. परंतु जी.सी.सी.च्या संचालक समितीला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर करावे लागले की २.९६ नावाची आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही. तो अपुऱ्या अवस्थेतला मजकूर आहे. त्याने तयार केलेले सी प्लस प्लसचे भाग ना धड मागच्या २.९५ शी जुळत, ना २००१ साली निघालेल्या ३.० शी.

घरी काय करावे?

पालकांना आणि विद्यार्थ्यांना आमची सूचना थोडक्यात अशी आहे.

पहिली गोष्ट, सत्राच्या पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना विचारा: काम कोणत्या यंत्रावर तपासले जाईल, तेथे कोणती आवृत्ती आहे, कोणत्या वर्षाचे नियम लागतील. उत्तर वहीत लिहून ठेवा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. नोकरीत हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारतात.

दुसरी गोष्ट, आपल्या घरी काय आहे ते पाहा. आज्ञेच्या काळ्या खिडकीत ‘जीसीसी’ लिहून, एक जागा सोडून, दोन आडव्या रेघा आणि ‘व्हर्शन’ हा शब्द टाईप केला की आवृत्ती कळते. ॲपलचा मॅक असेल तर सावध राहा. तेथे ‘जीसीसी’ असे टाईप केले तरी सहसा उत्तर देतो तो ‘क्लँग’ नावाचा दुसराच मोकळा कंपायलर. तो चांगला आहे. पण त्याचे नंबर निराळे आणि काही बाबतींत स्वभावही निराळा.

तिसरी गोष्ट, विंडोजविषयी. जी.सी.सी.चे कर्ते स्वतः फक्त मूळ मजकूर प्रसिद्ध करतात. विंडोजसाठी तयार गाठोडी बांधतात ती इतर मंडळी. त्यामुळे एकाच नावाखाली नवे-जुने बरेच काही मिळते. ‘एमसिस २’ घेतले तर ते सतत अगदी ताजी आवृत्ती देत राहते. शाळेत ११ वी असेल तर घरी तिच्याशी मेळ राहणार नाही. आमच्या मते विद्यार्थ्याला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालविण्याची जी सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे ती वापरून, शाळेत असलेल्याच लिनक्सची तीच आवृत्ती बसविणे. मग घर आणि शाळा यांत अंतरच उरत नाही. यालाही पैसे पडत नाहीत.

चौथी गोष्ट, कोणतीही आवृत्ती असो, प्रत्येक वेळी ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय द्या. म्हणजे आडवी रेघ, मोठ्या लिपीतले डब्ल्यू आणि त्याला लागून ‘ऑल’. याने कंपायलर इशारे देऊ लागतो. आमच्या पुतणीची ती जुनी ४.९.२ सुद्धा हा पर्याय दिल्याबरोबर बोलू लागली आणि तीच चूक दाखविली. म्हणजे जुन्या कंपायलरला चूक दिसत होती. विचारले नव्हते म्हणून सांगितली नव्हती.

पाचवी गोष्ट पुस्तकांची. भारतातील कित्येक महाविद्यालयांत ‘टर्बो सी’ हा बोर्लंड कंपनीचा जुना कंपायलर फार वर्षे शिकविला गेला, आणि त्यावर लिहिलेली पुस्तके नातेवाईक प्रेमाने पाठवितात. त्यांतला ‘सीएलआरएससीआर’, म्हणजे पडदा पुसण्याचा हुकूम, जी.सी.सी.ला ठाऊक नाही. त्या कंपायलरात पूर्णांक २ बाईटांचा, म्हणून ३२,७६७ च्या पुढे हिशेब उलटा पडे. पुस्तक टाकून देऊ नका. पण त्यातले उदाहरण चालले नाही तर दोष स्वतःकडे घेऊ नका.

शेवटची गोष्ट, नवी आवृत्ती बसविताना जुनी काढून टाकण्याचे कारण नाही. दोन-तीन आवृत्त्या एकाच संगणकावर सुखाने नांदतात. शाळेला द्यायचे काम शाळेच्या आवृत्तीत तपासावे, आणि मग एकदा सर्वांत कडक आवृत्तीलाही दाखवावे. ती जे खटकते म्हणेल ते आज ना उद्या आपल्याला नडणारच असते.

हा कंपायलर उघडून पाहता येतो असे वर म्हटले, ते केवळ बोलण्यापुरते नाही. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जी.सी.सी. रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि या कंपायलरचे अंतरंग उलगडून दाखविणारी शिबिरे तेथे भरली. दाम मोजून आणलेल्या कुलूपबंद वस्तूचे असे शिबीर भरविता आले नसते. ही माहिती आम्ही पुतणीला सांगितली, तेव्हा तिने विचारले, “काका, मग ‘डब्ल्यू-ऑल’ आपणहून का लावत नाहीत ते?” प्रश्न चांगला होता. अक्कल नसलेल्या मुलीला असे प्रश्न पडत नाहीत, हे आम्ही तिच्या बापाला ऐकू जाईल अशा बेताने बोललो.

गेलेले गुण परत मिळाले नाहीत. नियम आधी सांगितलेला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. नवा संगणक घेण्याचा बेत मात्र भावाने सोडून दिला. त्या जुन्याच यंत्रावर आता दोन कंपायलर आहेत, एक विभागाच्या आवृत्तीचा आणि एक त्याहून नवा. पुढचे काम तिने दोन्हींत तपासून पाठविले आणि ते पहिल्याच फटक्याला कंपाईल झाले. अकाउंट्सचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

आपल्या घरी कोणी मूल रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसून रडकुंडीला आले असेल, तर वाचकहो, त्याला रागावण्याआधी आणि दुकानात जाण्याआधी एवढेच विचारा: “बाळ, तुझी आवृत्ती कोणती, आणि शाळेची कोणती?”